पाळी चुकली, आणि साधन तर चालू आहे

(यवतमाळ येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या व्यासपीठावर कापसाचे भाव, पाणी, साहित्य अशा विषयांवर बोलणं होतं. पाळीवर बोलायला मला बोलावलं तेव्हा मी एकच अट घातली होती: पुरुषांनी उठून जायचं नाही. तुम्ही बसला आहात, म्हणून आधी तुमचे आभार.

वेचणीचे दिवस होते. पांढरकवड्याकडच्या एका गावातली बाई दुपारची मजुरी बुडवून माझ्याकडे आली. सोबत जाऊ. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली. बराच वेळ कंबरदुखीचंच सांगत राहिली. जाऊ पाणी प्यायला बाहेर गेली, तशी हळूच म्हणाली, ‘मॅडम, सुई घेतली होती. दोन महिने झाले, पाळीच नाई आली. रगत अंदर साचून तं नाई रायलं? का दिवस गेले?’ तीन आठवडे ती नीट झोपली नव्हती. कच्ची पपई खाऊन झाली होती, ओव्याचा काढा पिऊन झाला होता. नवरा काही बोलला नव्हता, पण त्याचं बोलणंच कमी झालं होतं. सुई घेऊनही दिवस गेले तर ते कोणाचे, हा प्रश्न घरात कोणी उच्चारला नव्हता. तिला मात्र तो रात्रंदिवस ऐकू येत होता.

तिनं घेतली होती ती ‘अंतरा’ची गर्भनिरोधक सुई. दर 3 महिन्यांनी घ्यायची, 2017 पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलेली. या सुईनं बीज बाहेर पडायचं थांबतं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. पाळी म्हणजे दर महिन्याला जाड झालेलं तेच अस्तर गळून पडणं. पेरणीच झाली नाही तर सवंगायचं काय? रक्त आत कुठं साचत नाही, ते तयारच होत नाही. वर्षभर ही सुई घेणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांची पाळी थांबते. सुरुवातीच्या महिन्यांत काहींना डाग पडत राहतात, काहींच्या अंगावरून बरेच दिवस जातं. सुई सोडल्यावर पाळी आणि गर्भधारणा दोन्ही परत येतात, थोडे महिने लागतात. सुईची तारीख टळली तर घाबरून घरी बसू नका. 4 आठवड्यांपर्यंत उशीर चालतो.

हे सगळं तिला सुई टोचण्याआधी पाच मिनिटं बसवून सांगितलं असतं, तर ते तीन आठवडे वाचले असते. आज मी जे सांगायला आले ते एवढंच. साधन देणाऱ्यानं, त्या साधनावर पाळी कशी वागेल हेही सांगितलंच पाहिजे. कारण प्रत्येक साधनाची तऱ्हा वेगळी.

‘छाया’ घ्या. ही आपल्या देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी, 1991 मध्ये ‘सहेली’ नावानं बाजारात आली. हिच्यात हार्मोन नाही. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. हिच्यावर काहींची पाळी लांबते, आणि ते अपेक्षितच असतं. 15 दिवसांच्या वर गेली तर मात्र तपासायचं. ‘माला-एन’च्या पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या शेवटच्या 7 लोहाच्या. त्या दिवसांत पाळी येते, पण थोडीच. एखाद्या महिन्यात नाहीच आली आणि गोळी एकही चुकली नसेल, तर पुढचं पाकीट वेळेवर सुरू करायचं. गोळ्या चुकल्या असतील तर तपासणी.

तांबीचं उलट आहे. तांबी बीजकोशाला हात लावत नाही. पाळी आपल्या वेळेवर येते, झालीच तर जास्त जाते. म्हणून तांबी असताना पाळी चुकली तर ‘तांबीमुळं असेल’ म्हणून वाट बघायची नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बाईचंही तसंच. ऑपरेशन क्वचित फसतं, पण फसतं. अशा वेळी गर्भ नळीत राहण्याची भीती असते. पाळी चुकलेली, पोटात एका बाजूला कळ, भोवळ: त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

आपल्याकडच्या आणखी एका गोळीचं सांगते. महालक्ष्म्या येतात, घरात लग्न निघतं, आणि मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणली जाते. ती गर्भनिरोधक गोळी नव्हे. तिच्या भरवशावर राहिलेल्या किती मुली माझ्यासमोर रडल्या आहेत! सणासाठी पाळी ढकलावीच का लागावी, हे मला आजही कळत नाही. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

साधनांची चर्चा आपल्या भागाला नवी नाही. 1935 च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर आपल्या शेजारी वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या होत्या. त्यांचा आग्रह साधनांचा, गांधीजींचा संयमाचा. दोघांचं जमलं नाही. त्याच्या 14 वर्षं आधी, 1921 मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं काम सुरू केलं होतं. 1927 ते 1953 त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यात ते वाचकांच्या शंकांना छापून उत्तरं देत. मला त्यांच्या कामातला हा भाग फार मोठा वाटतो. साधन आज आशाताईच्या पिशवीत आलं आहे. शंका विचारायला मात्र बाईला अजून जाऊ बाहेर जाण्याची वाट बघावी लागते.

आणि खरंच दिवस गेले असतील तर? पपई, काढे, दुकानातून गुपचूप आणलेल्या गोळ्या यांच्या नादी लागू नका. गर्भ नळीत असेल तर त्यात जीव जाऊ शकतो. साधन फसलं हे 1971 च्या गर्भपात कायद्यातच मान्य कारण आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर ते लग्न न झालेल्या स्त्रीलाही लागू आहे, 20 आठवड्यांपर्यंत. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

त्या बाईची तपासणी मी तिच्यासमोरच केली. ‘निश्चय’ची पट्टी, आशाताईकडे फुकट मिळते तीच. लघवीचे थेंब टाकले आणि ती टेबलाला घट्ट धरून बसली. पाच मिनिटं आम्ही दोघी बोललो नाही. एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे दिवस गेले नाहीत, हे मी सांगितलं, सुई कसं काम करते तेही सांगितलं. तिनं जावेला आत बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. निघताना म्हणाली, ‘हे पट्टी मी नेतो. घरी दाखवतो.’ मी पट्टी कागदात गुंडाळली, वर तारीख घातली, आणि खाली पुढच्या सुईची तारीख लिहून दिली.