फायलीत लसींचं पान हवं

प्रत्यारोपणावरची ही परिषद ट्रॉम्बेला भरली आहे. अध्यक्षाने प्रगतीचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेले हृदय प्रत्यारोपण, १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यापुढची वाटचाल सभागृहाला पाठ आहे. त्यामुळे आज आढावा बाजूला ठेवून, वर्षानुवर्षे मनात राहिलेली एक तक्रार मांडायची आहे.

आपण रुग्णाला नवी किडनी देतो, पण लसीचा विषय त्याने काढला की त्याला गप्प बसवतो.

किडनी बदललेल्या कुणाचीही फाइल उघडा. क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची पातळी, रक्तदाब, वजन यांचे रकाने ओळीने भरलेले असतात. हिपॅटायटिस बीचे किती डोस झाले, अँटिबॉडी तपासल्या का, न्यूमोकोकलची लस कधी दिली, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, यासाठी बहुतेक फायलींत जागाच नाही. जागा नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि रुग्णाला वाटते, विचारण्यासारखे काही नसावे.

खरे तर हाताशी वेळ फार थोडा असतो. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांच्या लसींत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाल्यावर त्या सहसा टाळाव्या लागतात; द्यायच्या तर शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी. फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी यांच्या निर्जीव लसी नंतरही चालतात, पण औषधांमुळे त्या कमी लागू पडतात. म्हणून हे बोलणे डायलिसिसच्या पहिल्या महिन्यातच व्हायला हवे. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथून जवळच, गोवंडीत, गोवराची साथ आली आणि मुले दगावली. ज्याला ही लस आता घेता येत नाही, तो शेजारच्या पोरांच्या लसीकरणावर जगतो.

कोविडच्या काळात तर हे सारे उघड्यावर आले. १ मार्च २०२१पासून ४५ ते ५९ वयोगटासाठी सहव्याधींची जी यादी लागू झाली, तीत किडनी आणि यकृत बदललेले रुग्ण होते. पंचेचाळिशीच्या आतले मात्र १ मेपर्यंत थांबले. जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांपैकी एमआरएनए लसीच्या दोन डोसांनंतरही फक्त ५४ टक्क्यांत अँटिबॉडी आढळल्या. फ्रान्सने एप्रिलमध्ये आणि अमेरिकेने ऑगस्टमध्ये अशा रुग्णांना तिसरा डोस खुला केला. आपल्याकडे ‘प्रिकॉशन डोस’ १० जानेवारी २०२२ला सुरू झाला, तोही आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे यांच्यासाठी. किडनी बदललेला पस्तिशीतला तरुण त्यात बसत नव्हता. त्याला १० एप्रिलपर्यंत थांबून खासगी केंद्रात पैसे मोजावे लागले. १० जानेवारी १८९७ला याच मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. त्यानंतर बरोबर १२५ वर्षांनी या शहरातला सर्वांत गरजू रुग्ण वयाच्या अटीपाशी अडला, आणि त्याच्या बाजूने आपल्यापैकी फार थोडे बोलले. ही गोष्ट विसरता येत नाही.

काही सहकारी म्हणतात, लसीने रिजेक्शन होते, म्हणजे शरीर नवा अवयव नाकारते. निर्जीव लसींमुळे ते वाढते असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. काहींचे म्हणणे, जास्त माहिती दिली की रुग्ण घाबरतो. त्यांना मानखुर्दच्या एका आजींची हकिकत सांगायला हवी. आजींना बहिणीची किडनी बसवलेली. पल्स पोलिओच्या रविवारी त्यांनी नातवाला दोन थेंब पाजून आणले आणि सोमवारी ओपीडीत विचारले, “डॉक्टर, बाळाच्या औषधाचा मला काही त्रास नाही ना व्हायचा?” खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. त्या थेंबांतला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. तेवढे दिवस लंगोट दुसऱ्या कुणी बदलावा, आजींनी हात साबणाने धुवावेत, इतकेच सांगायचे होते. आजी घाबरल्या नाहीत. त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. तेव्हापासून फायलीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला, बॉलपेनने, त्या घरातल्या सगळ्यांच्या लसींच्या तारखा लिहितात.

आजींनी पुठ्ठ्यावर केलेले काम आपल्या छापील फायलीत यायला हवे. मराठीत एक लसपत्रिका निघावी, प्रत्यारोपण समन्वयकांची लसींबाबत उजळणी व्हावी, धोरण ठरवणाऱ्या समित्यांवर रुग्णांचे प्रतिनिधी असावेत. तपशील नव्या कार्यकारिणीने ठरवावा.

मागच्या रांगांत मास्क लावून बसलेल्या रुग्णमित्रांना एवढीच विनंती: पुढच्या भेटीत कोणती लस घ्यायची आणि कोणती टाळायची, ते डॉक्टरांना विचारा. उत्तर तोंडी मिळाले तर फायलीत लिहून मागा. आणि डॉक्टर मित्रहो, त्यांनी मागितले की लिहून द्या.