वाली नसलेले सॉफ्टवेअर



आजच्या विषयावर बोलायला हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही, असे मला मनापासून वाटते. जिथे संगणक दर तीन वर्षांनी बदलतात, तिथे हा प्रश्न उठतच नाही. जिथे एकदा मिळालेल्या यंत्रावर दहा-दहा वर्षे शाळा, ग्रंथालय किंवा दुकान चालवायचे असते, तिथे तो रोज उभा असतो. लिनक्सच्या वितरणातून, म्हणजे आपण ज्याला डिस्ट्रो म्हणतो त्यातून, कोणी सांभाळत नसलेले सॉफ्टवेअर काढून टाकावे का? काढले तर आपल्या जुन्या यंत्रांना पेलेल असे हलके काय घ्यावे? माझे मत आधीच सांगतो. काढावे, आणि न कचरता काढावे. मात्र त्याच्या जागी काय घ्यायचे हे नुसती मेमरी मोजून ठरवू नये. त्या सॉफ्टवेअरला वाली आहे का आणि ते मराठी नीट दाखवते का, हे आधी पाहावे. एखादे जुने सॉफ्टवेअर आपल्याला हवेच असेल, तर त्याचे वाली होण्याची तयारी आपण ठेवावी.

डेबियनचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे वापरात असलेल्या बहुतेक डिस्ट्रोंचे मूळ तिथे आहे. सी-डॅकचे बॉस लिनक्सही डेबियनवरच उभे आहे. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले तेव्हा त्यात ६४,४१९ पॅकेजेस होती आणि आधीच्या आवृत्तीतली ६,२९६ पेक्षा जास्त कालबाह्य म्हणून वगळली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले तेव्हा एकूण संख्या ६९,८३० झाली आणि वगळलेली ८,८४० च्या वर गेली. हे आकडे पाहून काहींना वाटते की चांगल्या वस्तू फेकून देण्याची ही हौस आहे. पण पॅकेज एकटे नसते. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम ठेवायचा, तर संपूर्ण पायथन २ ठेवावे लागते, त्याच्या लायब्रऱ्या ठेवाव्या लागतात, आणि त्यांत सापडणारी प्रत्येक त्रुटी मूळ लेखक नसताना कुणीतरी दुरुस्त करत बसावे लागते. हा कुणीतरी म्हणजे बहुधा पगाराविना रात्री काम करणारा स्वयंसेवक असतो. रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथे २००७ मध्ये मुलांच्या हाती आलेल्या एक्सओ लॅपटॉपची आठवण अनेकांना असेल. २५६ एमबी मेमरीच्या त्या यंत्रावर चालणारी शुगर ही प्रणाली पायथनमध्येच लिहिलेली होती. तिच्यातल्या ज्या शैक्षणिक उपक्रमांना, म्हणजे छोट्या प्रोग्रामांना, पायथन ३ कडे नेणारे हात मिळाले ते जगले. बाकीचे मागे राहिले. उपक्रम वाईट होते म्हणून हे झाले नाही. त्यांच्यामागे माणूस उरला नव्हता.

माणूस नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे साधे साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारे. ते बेवारस नव्हते, पण लासे कॉलिन या एकाच माणसाच्या खांद्यावर होते, आणि तो थकला होता. ‘जिया टॅन’ असे नाव घेऊन कुणीतरी मदतीला आले, दोन वर्षांहून अधिक काळ चिकाटीने विश्वास संपादन केला आणि शेवटी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होत असल्याची शंका आली, तो मागे लागला, आणि अनर्थ टळला. एकट्या थकलेल्या माणसावर सोडलेल्या सॉफ्टवेअरची ही गत, तर ज्याच्याकडे पाहणारे कुणीच नाही त्याचे काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: “चालतंय ना, मग काढता कशाला? आणि आमची यंत्रे इंटरनेटला जोडलेलीच नाहीत.” हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही, कारण तो अडचणीतून आलेला आहे. तरीही तो टिकत नाही. इंटरनेट नसलेल्या यंत्रात फाइली पेनड्राइव्हने येतात, आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा किडा इराणच्या बंदिस्त अणुप्रकल्पात यूएसबीच्याच वाटेने पोचला असे मानले जाते. धोका असतो तो बाहेरून आलेली फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामला: पीडीएफ वाचणारा, चित्र दाखवणारा, झिप सोडवणारा. नेमके हेच प्रोग्राम आपण सर्वात जुने ठेवतो. अडोबी रीडरची लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे. ती अजून एखाद्या यंत्रावर असेल, तर परीक्षेचे अर्ज आणि शासन निर्णय ज्या दाराने आत येतात तेच दार उघडे आहे. तिच्या जागी क्यूपीडीएफव्ह्यू किंवा झाथुरा बसवायला पाच मिनिटे लागतात, आणि दोन्ही तिच्यापेक्षा कितीतरी हलके आहेत. इथे काढणे आणि हलके होणे एकाच दिशेने जाते.

असे बदल मोठ्या संस्थांना परवडतात, आपल्याला नाही, असेही म्हटले जाते. अशाच एका मोठ्या संस्थेचे उदाहरण पाहू. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या जागतिक समूहाची गणिते वर्षानुवर्षे ‘सायंटिफिक लिनक्स’वर चालत आली. अमेरिकेतल्या फर्मीलॅबने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केले की या डिस्ट्रोची आठवी आवृत्ती निघणार नाही. सातवीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. तिच्यावर विसंबलेल्या शास्त्रज्ञांना दुसरीकडे जावे लागले. यात शिकण्यासारखी गोष्ट पैशाची नाही. शेवटची तारीख पाच वर्षे आधी सांगितली गेली आणि तेवढ्या अवधीत बदल करता आला. आपल्या किती संगणक कक्षांत, वापरातल्या डिस्ट्रोचा आधार कधी संपतो ही तारीख भिंतीवर लिहिलेली आहे? तेवढी एक ओळ लिहायला अनुदान लागत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. नवे ते जड, आणि जड ते श्रीमंतांचे. डेबियन १३ पासून ३२-बिट यंत्रांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर राहिला नाही. फायरफॉक्सनेही लिनक्सवरची ३२-बिट आवृत्ती २०२५ मध्ये १४४ व्या क्रमांकाशी थांबवली. ज्या लुबुंटू या डिस्ट्रोचे नावच हलकेपणासाठी घेतले जायचे, तिनेही २०१८ मध्ये सांगून टाकले की जुनी यंत्रे हे आता तिचे मुख्य लक्ष्य नाही. ही तक्रार खरी आहे, आणि ती दूरच्या विकासकांपर्यंत पोचली पाहिजे. पण तिच्या आड लपून आपण आपले काम टाळू नये. ‘३२-बिटचे यंत्र’ म्हणून बाजूला ठेवलेल्या अनेक संगणकांत कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असतो, आणि तो २००६ पासून ६४-बिट आहे. फक्त वर चढवलेली प्रणाली ३२-बिट आहे. आधी ते तपासावे. जी यंत्रे खरोखरच ३२-बिट आहेत, त्यांना डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. आणि दोन जीबी मेमरीच्या यंत्राचा श्वास बहुतेक वेळा डेस्कटॉपमुळे कोंडत नाही, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानांमुळे कोंडतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेतल्याने जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक धडे, व्हिडिओ आणि शब्दकोश त्याच यंत्रावर साठवून ब्राउझरशिवाय वापरल्याने पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो आपल्यावाचून दुसरे कुणी मांडणार नाही. हलक्या सॉफ्टवेअरच्या ज्या याद्या फिरतात त्या रोमन लिपीच्या गरजेतून बनलेल्या असतात. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. जोडाक्षर बांधावे लागते, ऱ्हस्व इकार मागे न्यावा लागतो, रफार वर चढवावा लागतो. हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. काही प्रोग्राम तिला वगळतात म्हणूनच हलके असतात. एक्सटर्मसारख्या जुन्या टर्मिनलमध्ये ‘दऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कार्यकर्ता’ लिहून पाहा. शब्द मोडून पडतात. मूल जे वाचू शकत नाही ते कितीही कमी मेमरीत चालत असले, तरी आपल्यासाठी ते हलके नाही, निरुपयोगी आहे. लीफपॅड हा छोटा संपादक बंद पडला तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. पण त्याच्या जागी घेतलेला माउसपॅड मराठी तितकेच नीट दाखवतो आणि आजही सांभाळला जातो. असा बदल आनंदाने करावा.

इथे बसलेल्या डीटीपीवाल्यांसाठी हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. लग्नपत्रिकेपासून साप्ताहिकापर्यंत मराठी मजकुराचा मोठा भाग अजून पेजमेकरमध्ये जुळवला जातो. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची. अडोबीने विकास थांबवला त्यालाही आता वीस वर्षे उलटली. वाली नसलेल्या सॉफ्टवेअरचे आपल्या भाषेतले सर्वात मोठे उदाहरण लिनक्समध्ये नाही, इथे आहे. त्यात मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टच्या सांकेतिक खुणांत बंद आहे. लिबरऑफिसने २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय केली. पान दिसते, पण युनिकोडमध्ये न आणलेला मजकूर शोधताही येत नाही. याला मुक्त पर्याय म्हणजे स्क्रायबस, पण त्याची १.४ ही आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे बांधत नसे, म्हणून आपण ते सोडून दिले. मग ओमानमधल्या काही विकासकांनी अरबीसाठी काम हाती घेतले, स्क्रायबसमध्ये हार्फबझ आले, आणि जानेवारी २०२४ मधल्या १.६ या स्थिर आवृत्तीपासून देवनागरीचीही वाट मोकळी झाली. अरबीसाठी कुणी तरी राबले आणि फळ मराठीला मिळाले. आपण मराठीसाठी राबलो असतो तर ते लवकर मिळाले असते, हे मी दुःखाने म्हणतो.

मराठी माणसे हे करू शकत नाहीत, असे मात्र मुळीच नाही. पुण्यातल्या रेड हॅटच्या गटाने लोहित फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळले. मराठी टंकनासाठी पूर्वी एससीआयएम होते. ते मागे पडले तेव्हा २००९ पासून मोठ्या डिस्ट्रोंनी आयबस स्वीकारले, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाची सोय नव्या घरात आणली गेली. जुने काढताना भाषेची एकही कळ हरवू नये, अशी काळजी तिथे घेतली गेली. सॉफ्टवेअरला निरोप कसा द्यावा याचा हा नमुना आहे.

राहिला शेवटचा आक्षेप: काय ठेवायचे, काय काढायचे हे ठरवणारे दूर बसतात, त्यांच्या मोजणीत आपण नसतो. डेबियनमध्ये कोणते पॅकेज किती यंत्रांवर आहे हे कळवणारी पॉपकॉन नावाची ऐच्छिक सोय आहे. इंटरनेट नसलेली यंत्रे तिच्यात उमटत नाहीत, आणि असलेल्या यंत्रांवरही आपण ती सुरू करत नाही. मोजणीत यायचे तर आधी हात वर करावा लागेल. त्याहून पुढचे पाऊलही आहे. डिलो हा चिमुकला ब्राउझर २०१५ नंतर निपचित होता. नव्या माणसाने हाती घेतला आणि मे २०२४ मध्ये ३.१.० निघाले. नोम २ हा डेस्कटॉप बंद झाल्यावर अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने २०११ मध्ये माटे सुरू केले, पण जुने आवडते म्हणून माटे सांभाळणारे जुन्या लायब्ररीवर बसून राहिले नाहीत. २०१७ पर्यंत त्यांनी सगळे जीटीके ३ या नव्या लायब्ररीवर नेले. जुन्यावरचे प्रेम असे कामातून दिसते.

म्हणून या संमेलनापुढे माझा एकच प्रस्ताव आहे. इथल्या प्रत्येक महाविद्यालयाने आणि शाळेने एक-एक प्रोग्राम वाटून घ्यावा: कुणी माउसपॅड, कुणी स्क्रायबस, कुणी क्यूपीडीएफव्ह्यू, कुणी आयबस. नवी आवृत्ती येईल तेव्हा दोन जीबीच्या यंत्रावर ती चालवावी, तीच एक मराठी फाइल उघडावी, छापावी, शोधून पाहावी, आणि जिथे शब्द मोडेल तिथे चित्रासह दोष नोंदवावा. इंग्रजीत नोंद लिहिणे विद्यार्थ्यांना जड जाते. ते काम इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आपल्याकडे घ्यावे. कोणत्या संस्थेकडे कोणता प्रोग्राम, याची यादी दुपारच्या सत्रात याच सभागृहात करायची आहे.