मोटारीत बसून सिनेमा

गाडीतून न उतरता सिनेमा पाहायची ही हौस पुरवली अमेरिकेतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी. न्यू जर्सीतल्या आपल्या अंगणात त्यांनी झाडांना पडदा ठोकला, मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि पावसात कसं दिसेल ते पाहायला चक्क गाडीवर फवारा सोडला! खरी अडचण होती पुढच्या गाडीच्या टपाची. त्यावर तोडगा म्हणजे जमिनीला चढ देऊन प्रत्येक गाडीची पुढची चाकं उंचावायची. ६ जून १९३३ ला कॅम्डेनजवळ पहिलं थिएटर उघडलं. गाडीचे २५ सेंट, माणशी आणखी २५. आवाज मात्र पडद्याजवळच्या कर्ण्यांतून, म्हणजे आसपासच्या वस्तीला फुकटात! खिडकीला अडकवायचे स्पीकर पुढच्या दशकात आले. नंतर जमिनींना सोन्याचा भाव आला आणि एवढी ऐसपैस जागा नुसत्या रात्रीच्या खेळांसाठी अडवणं मालकांना परवडेना.