वॉटसनचं हॉटेल आणि आपली सोसायटी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या तरुण मंडळींनी मला बजावलं होतं, ‘काका, तुम्ही बँकेतले, पण आज हिशोबाचं काही बोलू नका.’ ठीक आहे, गोष्टच सांगतो. पण गोष्ट एका इमारतीची आहे, आणि इमारतीची गोष्ट शेवटी हिशोबापाशीच येते. त्याला माझा नाइलाज आहे.

ही इमारत आपल्या झरी जामणीपासून फार लांब, मुंबईत काळा घोडा भागात आहे. आज तिचं नाव एस्प्लनेड मॅन्शन. जुने लोक तिला वॉटसनचं हॉटेल म्हणत. तिचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातला कापूस मुंबईला जाऊ लागला. आपला हा भाग पुढे ज्या यवतमाळ जिल्ह्यात आला, त्याला पूर्वी वूण जिल्हा म्हणत. कापसाच्या पैशावर मुंबई फुगली. त्याच दशकात किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडून मोकळी झालेली जागा विकायला निघाली. जॉन वॉटसन नावाच्या एका इंग्रज कापडवाल्याने तिथे जमीन घेतली.

त्याने बांधलं ते त्या काळी नवलच होतं. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने आराखडा केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामातही त्याचा हात होता. लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने मुंबईला आणून, इथे जोडल्या. काम १८६७ ते १८६९ असं चाललं. भार भिंतीवर नाही, सगळा लोखंडी सांगाड्यावर. भिंती नुसत्या मधल्या जागा भरायला. आज आपण गावात सिमेंटचे कॉलम-बीम उभे करून घर बांधतो, त्यामागची कल्पना हीच. १८७१ साली तिथे हॉटेल सुरू झालं. मोठ्या मुंबईकर युरोपियनांचं ते आवडतं ठिकाण.

७ जुलै १८९६ रोजी याच हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. तिकीट एक रुपया. हिंदुस्थानात चित्रपट दाखवला गेला तो इथे, पहिल्यांदा. त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन या हॉटेलात उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पुढे आपल्या प्रवासवर्णनात मजेने लिहिलं. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं, ही गोष्ट मात्र दंतकथा म्हणूनच ऐकावी. ताज १९०३ मध्ये सुरू झालं आणि वॉटसनचं वैभव ओसरू लागलं, एवढं खरं.

पुढे हॉटेल बंद पडलं. मोठमोठ्या खोल्यांमध्ये आडव्या-उभ्या फळ्या ठोकून लहान लहान गाळे निघाले. हायकोर्ट आणि सत्र न्यायालय जवळच, म्हणून वकिलांची चेंबर्स आली. त्यांच्या पाठोपाठ टंकलेखक, नोटरी, लहान व्यापारी कचेऱ्या, आणि वर राहणारी कुटुंबंही. नोकरीत मी काही वर्षं फोर्टातल्या शाखेत होतो. डब्याच्या सुट्टीत पाय मोकळे करायला त्या बाजूला जायचो. जिन्याजवळ नावांच्या पाट्या एकीखाली एक, मोजता येणार नाहीत इतक्या. वर लोंबकळणाऱ्या वायरी, एका बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, दुसरीत कागदांचे गठ्ठे. लोखंडावर गंज चढलेला. रोज शेकडो लोक तिथे कामाला येत होते, पण इमारतीकडे बघणारा कुणी नव्हता.

असं का झालं? मालक वाईट किंवा भाडेकरू वाईट, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बँकवाल्याला तसं म्हणता येत नाही, कारण आम्हाला कागद बघायची सवय. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. गरिबाला छप्पर टिकावं, हा हेतू चांगलाच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडं जागेवरच राहिलं. मालक म्हणतो, ‘एवढ्या भाड्यात प्लास्टरही होत नाही.’ भाडेकरू म्हणतो, ‘मी पागडी दिली, पण इमारत माझ्या नावावर कुठे आहे? मी का खर्च करू?’ आणि बँक म्हणते, ‘तारण काय?’ पागडीच्या खोलीवर कर्ज देणं बँकेला जड जातं, कारण तिथे मालकीचा कागद नसतो. म्हणजे पैसा तिन्ही दारांनी अडला. जुन्या इमारतींसाठी उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ सरकारने काढलं, पण दुरुस्तीच्या रांगेत इमारती खूप आणि पैसा थोडा. २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय आहे. पण ज्याच्या मुळात रुपयेच मोजके, त्याचे चार टक्के किती?

जुलै २००५ मध्ये, भर पावसात, तिच्या बाल्कन्यांचा एक भाग कोसळला. एक माणूस गेला. जगभरातल्या धोक्यात आलेल्या वारसावास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी केली गेली. पाडावी, असा आयआयटी मुंबईच्या अहवालाचा सल्ला. पाडू नका, दुरुस्त करा, असा वारसाप्रेमींचा आग्रह. दीडशे वर्षं उभ्या असलेल्या इमारतीचं भवितव्य आता वकील आणि अहवाल ठरवणार.

मंडळी, आता इकडे या. आपल्या सोसायटीत ‘मालक कोण’ हा प्रश्न विचारायची गरज नाही. मालकही आपण आणि राहणारेही आपणच. सहकाराचा खरा फायदा हाच आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यात जी दरी त्या इमारतीत पडली, ती आपल्याकडे मुळातच नाही. पण एक धोका मात्र आहे. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, ही आपली जुनी खोड. गच्ची गळते ती वरच्यांची, टाकी फुटते ती खालच्यांची, आणि जिन्यातला दिवा गेला तर ‘सचिव बघतील.’ ही बोलणी आपण सभेत ऐकली आहेत. वॉटसनच्या जिन्यातले लोकही बहुधा असंच बोलले असतील.

आदर्श उपविधी सांगतात की सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला ठेवावा आणि दुरुस्ती-देखभालीसाठी पाऊण टक्का. मिळून एक टक्का. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, आणि तीस उलटली की दर तीन वर्षांनी. आपण आज पंचवीस वर्षांचे झालो. म्हणजे पाच वर्षांनी आपण दुसऱ्या गटात जाऊ. दुरुस्ती लांबवली की व्याज लागतं, हे मी तुम्हाला बँकवाला म्हणून सांगतो. फक्त हे व्याज पासबुकात दिसत नाही, ते सळईवर गंज होऊन चढतं. आणि त्याला ‘वन टाइम सेटलमेंट’ नसते!

म्हणून माझी दोनच मागणी. येत्या वार्षिक सभेत दुरुस्ती निधीच्या वाढीव वर्गणीचा ठराव येतो आहे, त्याला हात वर करा. दुसरी, ऑडिटचा अहवाल येईल तो कपाटात ठेवू नका, सूचना फलकावर लावा. सगळ्यांना वाचू द्या. नोटीस लागल्यावर भांडण्यापेक्षा आधी बोलून घेतलेलं बरं.

पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी पहिले शेअर्स घेतले, त्यांतले काही आज आपल्यात नाहीत. त्यांनी आपल्याला नुसत्या खोल्या नाही दिल्या, एकत्र निर्णय घ्यायचा हक्क दिला. तो हक्क पन्नासाव्या वर्षीही आपल्या नातवंडांच्या हाती असावा, एवढीच इच्छा.