अंगावर येणारा कोंबडा

आज ज्या तक्रारीबद्दल बोलणार आहे, ती ऐकून शहरातली माणसं हसतात. ज्यांच्या परसात दहा-बारा कोंबड्या आहेत, ती मात्र हसत नाहीत. "आमचा कोंबडा अंगावर येतो हो!" कालपर्यंत हातातले दाणे टिपणारा नर पाच-सहा महिन्यांचा होतो आणि अंगण झाडणाऱ्या बाईच्या पोटरीवर झेप घेऊ लागतो. मग पोरं दारात यायला भितात.

मोठ्या माणसाला ओरखडा निघतो, तेवढंच. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोळे नेमके कोंबड्याच्या झेपेच्या उंचीवर असतात. ऑस्ट्रेलियातल्या एका वृद्ध बाईंची हकिगत २०१९ मध्ये न्यायवैद्यक नियतकालिकात आली होती. अंडी गोळा करताना कोंबड्यानं त्यांच्या पायावरच्या फुगलेल्या शिरेवर चोच मारली आणि रक्तस्रावानं त्या गेल्या. असं क्वचितच घडतं. पण घरात अशा शिरा असलेली आजी असेल, तर तिला खुराड्याकडे पाठवू नका. कुणालाही जखम झाली तर साबणपाण्यानं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

आता त्याची बाजू. घार दिसली की ओरडून सावध करणारा, दाणा सापडला की स्वतः न खाता कोंबड्यांना बोलावणारा असा हा पहारेकरी. कळपात कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ मध्येच ती मांडून दाखवली. आपण अजाणता त्या उतरंडीत शिरतो. विशेषतः लाडानं, हातावर वाढवलेलं नर पिल्लू माणसाचं भय विसरतं आणि मोठेपणी आपल्याला दुसरा कोंबडाच समजतं. पोरं त्याला पाय पुढे करून चिडवतात, मोठे कौतुकानं बघतात. तालीम तिथेच सुरू होते. लाल लुगडं बघून तो चवताळतो असं म्हणतात. माझ्या मते रंगापेक्षा हलणारा खराटा आणि वाकलेलं माणूस त्याला जास्त खुपतं.

झेप घेण्याआधी तो सांगतो. मानेची पिसं फुलवतो, एक पंख खाली सोडून तिरका चालतो, उगाच जमीन टोचतो. अशा वेळी पाठ फिरवून पळालात, की तो जिंकला. लाथ मारलीत, तर झुंज मान्य केलीत. उद्या तो दुप्पट जोरानं येईल. सूप किंवा पाटी ढालीसारखी पुढे धरून, त्याच्याकडे तोंड करून शांत उभं राहा. तो बाजूला झाला की आपलं काम सुरू करा. रात्री अंधारात कोंबड्याला नीट दिसत नाही, तेव्हा तो सहज हाती येतो. पायामागच्या काट्याचं टोक तेव्हाच कानशीनं बोथट करावं. काटा मुळातून कापू नये. आत हाड आणि रक्त असतं.

नर किती आहेत तेही मोजा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. जास्त असले की आपसात भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात. नुसती अंडी खायची असतील, तर एकही नको. नराशिवाय कोंबडी अंडी देत नाही, हा समज अजून घरोघरी आहे. अंडी ती देतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही.

महिनाभर हे करूनही तो मुलांवर धावत असेल, तर काढून टाका. इथे अडचण येते ती नवसाची. "देवाला बोललेला आहे, जत्रेपर्यंत हात लावायचा नाही." ठीक आहे, पण म्हणून तो अंगणात मोकळा हिंडलाच पाहिजे असं देवानं सांगितलेलं नाही. जत्रेपर्यंत त्याला वेगळ्या जाळीत ठेवा. आणि झुंजीच्या शौकिनाला तो विकू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंजी लावणं गुन्हा आहे. गंमत म्हणजे झुंजीसाठी नावाजलेला असील नर माणसाशी पुष्कळदा शांत वागतो. दुसऱ्या नरावर धावणं निराळं आणि माणसावर धावणं निराळं.

एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो आणि नर गेल्यावरही सुमारे दोन आठवडे, कधी थोडं जास्तच, कोंबड्या त्याचीच फलित अंडी देत राहतात. म्हणून नवा, शांत नर आणलात तरी तीन आठवडे खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवू नका. तोवरची अंडी खा किंवा विका. त्यानंतरच्या अंड्यांवर पेन्सिलीनं तारीख घाला आणि मग ती बसवा.