न दिसणाऱ्या जखमेची दाद

(महोत्सवानिमित्त पाथर्डी येथें भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत गत वर्षांचा गौरव करावा असा प्रघात आहे, व तें काम माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. मला मिळालेला अल्प वेळ मीं एका अशा माणसाविषयीं खर्चण्याचें योजिलें आहे, जो आज या मंडपांत नाहीं. गर्दी व कर्णा त्याला सोसत नाहींत. त्याची आई येथें बसलेली आहे आणि तिच्या अनुमतीनेंच मी बोलत आहें.

तो ऊसतोडणीला जाणारा. दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें ओस पडतात, हें मीं आपणांस सांगावयास नको. कांहीं वर्षांपूर्वीं परतीच्या वाटेवर तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला. कवटीच्या आंत रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली, जीव वांचला. आज तो चालतो, जेवतो, उसाची मोळीहि उचलूं शकेल. परंतु सकाळीं सांगितलेलें दुपारीं त्याला आठवत नाहीं. ज्याचा आवाज कधीं चढला नव्हता तो आतां क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. मिळालेलें काम दोन दिवसांत सुटतें. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला म्हणजे मनुष्याचा विवेक व संयम असा ढळतो, हें वैद्य जाणतात. गांव मात्र म्हणतें, "प्यायला असेल."

त्याची आई दाखल्यासाठीं एका कचेरींत गेली, तेव्हां मुलाचे हातपाय शाबूत आहेत असें सांगून तिला परत पाठविण्यांत आलें. ती मला म्हणाली, "फादर, हात गेला असता तर बरं झालं असतं का हो?" त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं.

नंतर मी कागद पाहूं लागलों. शेतकरी कुटुंबांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें अपघाताची जी सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यांत मृत्यूसाठीं 2 लाख रुपये, दोन डोळे अथवा दोन अवयव निकामी झाल्यास 2 लाख, एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास 1 लाख अशी तरतूद आहे. योजना चांगलीच आहे. पण डोळे, हात, पाय मोजणाऱ्या या हिशेबांत स्मरणशक्तीला रकाना नाहीं.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा पुष्कळ उदार आहे. 1995 च्या कायद्यांतील 7 प्रकारांचे त्यानें 21 केले. कंपवात व मल्टिपल स्क्लेरोसिस हे विकार त्यांत नांवानिशीं आले. डोक्याच्या दुखापतीनें आलेलें अपंगत्व मात्र स्वतंत्र नांवानें आलें नाहीं. हात लुळा पडला तर एका सदरांत, वाचा गेली तर दुसऱ्या सदरांत अशा रुग्णाला बसवितात, आणि तो 40 टक्के भरला तर मुख्य लाभांस पात्र ठरतो. ज्याचें सगळेंच थोडथोडें गेलें, तो पुष्कळदां दारांतच राहतो. तथापि याच कायद्याच्या परिशिष्टांत केंद्र सरकारास अधिसूचनेनें आणखी प्रकार जोडण्याची मुभा ठेविलेली आहे. आपल्या मागणीला वाट आहे ती येथें.

2019 सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन, अपघातग्रस्ताला सद्भावनेनें साहाय्य करणाऱ्यास खटल्याची भीति राहूं नये अशी व्यवस्था झाली. त्या साहाय्यकर्त्याला कायद्यांत 'गुड समॅरिटन' म्हटलें आहे. म्हणजे आपला चांगला शोमरोनीच. मे 2025 पासून रस्त्यावरील अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न भरतां उपचार मिळण्याची योजनाहि झाली. आपल्या गांवावरून 61 क्रमांकाचा महामार्ग जातो. तेव्हां याचें मोल आपण जाणतां. (शिरस्त्राण कोपराला अडकवून येणाऱ्या तरुणांशीं मी प्रार्थनेनंतर निराळें बोलेन.) पण त्या दृष्टांतांतला शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाहीं. त्यानें जखमी माणसाला उतारशाळेंत नेलें, मालकाच्या हातीं दोन दिनार ठेविले, आणि अधिक खर्च झाल्यास परततांना देण्याचें कबूल केलें. सरकारला रस्ता दिसला ही मोठी गोष्ट झाली; उतारशाळा अजून दिसावयाची आहे. विसरणाऱ्याला लक्षांत ठेवण्याची युक्ति शिकविणें, संतापणाऱ्याला सांवरणें, हें काम महिनोन् महिने चालतें; सात दिवसांत तर पुष्कळांना शुद्धहि येत नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांचें नांव आपण ऐकलें असेल. नोव्हेंबर 1973 मध्यें झालेल्या हल्ल्यांत मेंदूला प्राणवायु न पोंचल्यानें त्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 रोजीं देहावसान होईपर्यंत, 41 वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांनीं पिढ्यांमागून पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. त्यांचा आहार थांबविण्याची अनुज्ञा सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं नाकारली. त्याच निकालांत, कोणत्या अटींवर रुग्णाचे उपचार थांबवितां येतील, याचे नियमहि घालून दिले. एका स्त्रीच्या निमित्तानें मरणाविषयीं नियम झाले. त्या परिचारिकांनीं जें केलें तें घरोघरीं कसें व्हावें, याविषयीं नियम झाला नाहीं.

म्हणून मीं एक ठराव लिहिला आहे. राज्याच्या अपघात योजनेंत डोक्याच्या दुखापतीला रकाना असावा, केंद्रानें ती 2016 च्या परिशिष्टांत नांवानें घालावी, व जिल्ह्याच्या ठिकाणीं अशा रुग्णांच्या शिक्षणाची सोय व्हावी, इतकेंच त्यांत आहे. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठीं खर्चावे असा आपल्या राज्याचा नियम आहे. त्यांतून उपचारासाठीं जाण्यायेण्याचा खर्च मिळावा, असेंहि ग्रामसभेंत मागतां येईल. आपण बहुतेक आसपासच्या खेड्यांतून आलां आहां. आपापल्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा. धर्मगुरूच्या पत्रापेक्षां तेथें तुमच्या उंचावलेल्या हाताला अधिक वजन आहे.

आणखी एक. तो तरुण रविवारीं पहाटेच्या मिस्साला मागच्या बाकावर बसतो आणि मध्येंच उठून बाहेर जातो. त्या वेळीं कोणीं वळून पाहूं नये.

ठराव मंडपाच्या दारापाशीं मेजावर आहे. वाचून मग सही करा. पहिली सही त्याच्या आईनें केली आहे.