फ्रॉगआय : काटकसरीतून घडलेला चेहरा

आज एका छोट्याशा गाडीची गोष्ट. ऑस्टिन-हीली स्प्राइट. पहिल्या मॉडेलला इंग्लंडमध्ये लाडाने ‘फ्रॉगआय’ म्हणतात, म्हणजे बेडूकडोळी. फोटो बघितलात की कारण कळेल : बॉनेटवर दोन टपोरे हेडलाइट आणि खाली हसल्यासारखं ग्रिल.

मे १९५८मध्ये मोंटे कार्लोत ही गाडी लोकांसमोर आली. डोनाल्ड हीली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन यांना तरुणांच्या खिशाला परवडणारी दोन सीटांची स्पोर्ट्स कार हवी होती. मग काय, जे तयार आहे ते वापरा! ९४८ सीसीचं इंजिन कंपनीच्याच साध्या फॅमिली गाड्यांमधलं, पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५चं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले तयार लायब्ररी उचलतो ना, तसंच.

पुढे काटछाट. दाराला बाहेरून हँडल नाही, हात आत घालून उघडायचं. डिकीला झाकण नाही, सामान सीटमागून ढकलायचं. डिझायनर गेरी कोकर यांच्या मूळ कल्पनेत हेडलाइट दिवसा बॉनेटमध्ये आडवे झोपणार होते. ती यंत्रणा महाग पडली, म्हणून दिवे कायमचे उभे राहिले. गंमत बघा, आज लोकांना जे सगळ्यात जास्त आवडतं, ते खर्च वाचवताना झालंय.

पण एका गोष्टीला त्यांनी हात लावला नाही : चालवण्याची मजा. ताकद जेमतेम ४३ हॉर्सपॉवर, पण गाडी हलकी आणि स्टिअरिंग नेमकं. वळणावर ती खुलायची.

१९६१मध्ये दुसरं मॉडेल आलं. डिकीला झाकण मिळालं, दिवे नेहमीच्या जागी गेले. सोय वाढली, चेहरा गेला. तिचीच जुळी बहीण एमजी मिजेट पुढे बरीच वर्षं चालली. १९७४मध्ये अमेरिकेच्या नियमांसाठी मिजेटला जाड काळे बंपर बसवले आणि गाडीची उंची वाढवली. तिथे मात्र मुळावरच घाव बसला, वळणावरची पकड बिघडली. १९७९मध्ये उत्पादन थांबलं.

मला यातून एवढंच दिसतं, की बजेट कमी असलं तरी चालतं. काय कापायचं नाही, हे आधी ठरलेलं हवं. फ्रॉगआयच्या वेळी ते ठरलेलं होतं.